पंचवीस किलोपर्यंत

माझ्या पिशवीत एक काटा असतो.
गोल, घड्याळासारखा. पंचवीस किलोपर्यंत.
वेळ सांगत नाही,
पण ठुमलीच्या पोरीला किती उशीर झालाय
ते सांगतो.

आंब्याच्या फांदीला तो टांगायचा,
खाली निळी झोळी, झोळीतून दोन पाय बाहेर.
बाळ रडतं तसा काटा हलतो.
मी वाट बघते.
बाळ थकलं की काटाही थांबतो.

जन्माचं वजन दोन किलो तीनशे.
आज चौदावा महिना, सहा किलो दोनशे.
मी वहीत लाल खूण करते.
ठुमली वहीकडे न बघता विचारते,
"लाल म्हणजे धडगावला न्यायचं ना?"

न्यायचं म्हणजे डोंगर उतरायचा,
जीपवाल्याला हात करायचा, चौदा दिवस दवाखान्यात राहायचं,
आणि इकडे कैऱ्या पडत राहणार.
कैरी थांबत नाही कुणासाठी.
सोलायची, चिरायची, खडकावर पसरायची.
चिकानं बोटांची सालं निघतात,
पांढऱ्या फोडी उन्हात आक्रसून
म्हाताऱ्या कानांसारख्या होतात.
हे आमचूर नीट गेलं तर दिवाळीनंतर
ऊस तोडायला गुजरातेत जावं लागत नाही,
पोरांची शाळा मध्येच सुटत नाही.
आजवर नीट गेलं नव्हतं.

शेठचा टेम्पो पाड्यावर येतो. काटा शेठचाच.
"बठ्ठं बराबर शे, बाई," म्हणतो
आणि पोतं उतरायच्या आत आकडा सांगून टाकतो.

त्या दिवशी वेस्ती होती.
गेमाची पोर, सातवीतली, आश्रमशाळेतून सुट्टीवर आलेली,
माझ्या वहीत वजनं लिहून द्यायची.
तिनं विचारलं, "ताई, यात आमचूर बसेल?"
मी म्हटलं, "सरकारी आहे तो."
ती म्हणाली, "मग खोटं नाही बोलणार."

यावर मला काही सुचलं नाही.

झोळीचे पट्टे पोत्याला आवळले, फांदी वाकली.
एकवीस किलो चारशे.
शेठ म्हणाला होता, साडेसतरा.
वेस्तीनं वजाबाकी तळहातावर केली,
तीन किलो नऊशे.
मी वही उघडली, का कोण जाणे,
आणि बघत राहिले.
ठुमलीच्या पोरीनं चौदा महिन्यांत
नेमकं एवढंच कमावलं होतं.

शेठ हसला. "हाऊ ते पोरेसना काटा शे!"
कुणी भांडलं नाही.
अकरा बायांनी अकरा पोती उचलली,
आपापल्या घरात नेऊन ठेवली.
टेम्पो रिकामा वळला,
धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

पुढचे आठ दिवस मी झोपले नाही, खरं सांगते.
एक वळीव आला असता तर सगळ्याला बुरशी,
आणि बोट माझ्याकडे.
आला नाही.
जीप ठरली, शहाद्यापर्यंत.
टपावर पोती, आत बाया,
ठुमलीच्या मांडीवर पोर. दोघी धडगावला उतरल्या.
ठुमलीच्या कैऱ्या मग बोंदरीनं चिरल्या,
हिशोब वेस्तीनं ठेवला, ठुमलीच्या नावानं.

भाव वाटला होता तितका आला नाही.
भाडं गेलं, हमाली गेली.
तरी तीन किलो नऊशे, प्रत्येकीचे, पोत्यामागे,
पहिल्यांदा घरी परत आले.

परवा सुपरवायझर मॅडमनं झोळी हुंगली.
"आंबट वास कसला?"
मी म्हटलं, "धुते."
धुतली नाही अजून.

आज फांदीला पुन्हा काटा टांगला.
जी पोर तोंडाजवळ आणलेला चमचा
मान फिरवून घालवायची,
तिनं झोळीचा पट्टा तोंडात घातला,
डोळे गच्च मिटले, अंग शहारलं,
आणि परत चोखला.
ठुमली हसली. मी हसले.
झोळी हलतेय, काटा ठरत नाही.
वेस्ती पेन धरून विचारतेय, "किती लिहू?"

थांब जरा.