दोर

एकशे साठ एकर, विहीर, घर,
गंजका ट्रॅक्टरही त्याच किमतीत.
ओरेस्ट ह्नात्युकने सही केली
आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

दवाखाना सत्तर मिनिटांवर.
वेडने दोनदा विचारून पाहिलं,
अंतर तेवढंच राहिलं.

मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत
एक दोर ताणलेला.
"कपडे वाळत घालायला?" ब्रिनने विचारलं.
म्हातारा हसला नाही.
"सस्कॅचवानचं वादळ आलं की पोरी,
आपलाच हात आपल्याला दिसत नाही.
याला धरून जायचं,
यालाच धरून यायचं."

मग मला एकटीला, हळूच:
"एका हिवाळ्यात बांधायला उशीर झाला."
पुढचं गिळलं.

खरेदीखतात दोराची नोंद नव्हती.
त्याच्या गाडीचा धुरळा बसल्यावर
मी गाठ चाचपून पाहिली.
भर जून,
आणि गाठ कालचीच.