उपस्थिती: एक

बाराही महिने, असं धक्क्यावरच्या फलकावर रंगवलंय,
म्हणून बाराही महिने.
पहिला शनिवार, सकाळी दहा,
तीन तास पायी, वाटाड्यासह. बूट आपापले.

मे महिन्यात बरं असतं.
चुनखडीच्या फटींतून ऑर्किड वर येतात,
तालिनहून शाळा येतात, पोरं फुलं मोजायला बसतात
आणि हिरवे गुडघे घेऊन घरी जातात.
ऑगस्टात वटवाघळांची रात्र.
यंत्र कानाशी धरून त्यांची टकटक ऐकायची.
एक बाई दरवर्षी रडते. का, ते मी विचारत नाही.
सप्टेंबरात अळंब्या. अळंब्यांना सगळे येतात,
अळंब्या खाता येतात.

पण जानेवारी.
आरवोची होडी येते ती रिकामी.
टपालाची पिशवी फेकतो, हात हलवतो,
इंजिन बंदसुद्धा करत नाही.
मी नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबते,
वहीत लिहिते: उपस्थिती शून्य,
आणि निघते.
कचेरीतला मार्गुस विचारतो, वाइके, कोणासाठी?
वाटेला सवय लागलीय, मी म्हणते.
आमच्या भाषेत माझ्या नावातच शांतता आहे,
आणि बडबड ही माझी नोकरी.
ज्युनिपरच्या वळणावर तोंडातून आपसूक निघतं,
"इथे जरा जपून, निसरडं आहे."
मागे कोणी नसतं.
मी जपून चालते.

यंदा एक जण उतरला.
सत्तरीचा, डोक्याला लोकरी टोपी, हात उघडे.
नाव? गेन्नादी.
माझी भाषा तो अशी बोलला,
जशी उसनी आणलेली काचेची बरणी
दोन्ही हातांनी परत करावी.

मी त्याला सील दाखवले, लांबच्या खडकांवर.
सांगितलं, पूर्वी त्या बर्फावर व्यायच्या,
आता बर्फच धरत नाही, म्हणून दगडांवर.
तो मान डोलवत राहिला.
मग वाळू लागली. ओली, घट्ट, रात्रीची पानं उघडी.
हे पाणमांजर, मी म्हणाले, ही शेपटीची फरपट.
आणि हा कोल्हा.
तो खाली बसला. बराच वेळ.
"लंगडतोय," म्हणाला. "पुढचा डावा."

एकोणीस वर्षं मी ही वाळू वाचतेय.
मला दिसलं नव्हतं.

कुठे शिकलात?
त्याने हनुवटीनेच दाखवलं,
पाइनच्या मागे काँक्रीटचे चार खुंट,
ज्यांच्यावरचं शेवाळ मी लोकांना भिंगातून दाखवते
आणि मनोऱ्याबद्दल एका वाक्यात उरकते.
"रोज संध्याकाळी दाताळं फिरवायचो,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
सकाळी बघायचं, कोण गेलं, कोण आलं.
विसाव्या वर्षी. दोन हिवाळे."

कोण सापडलं?

वाऱ्यात त्याचे उघडे हात लाल झाले होते.
"एकदा लहान पावलं. अनवाणी.
पाण्यापर्यंत गेलेली, आणि परत.
मी दाताळं दुसऱ्यांदा फिरवलं.
वर कळवलं नाही."

गावात तेव्हा आम्ही अकरा मुलं होतो.
अकराही जणांना समुद्र बंद होता.
अकराही जण जायचो.
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, इथे जरा जपून, निसरडं आहे.
या वेळी मागे बूट वाजले.

धक्क्यावर त्याने पैसे काढले.
हिवाळ्यात फुकट असतं, मी म्हणाले,
हा नियम मी तिथल्या तिथे केला.
आरवोने इंजिन बंद केलं, पहिल्यांदा,
त्याला होडीत हात द्यायला.

वहीत लिहिलं:
उपस्थिती एक.
नोंदी: कोल्हा, पुढचा डावा पाय अधू.
निरीक्षक: गे.

फेब्रुवारीत पुन्हा शून्य.
वाळूवर कोल्ह्याचे चारही ठसे सारखे.
बरा झाला असेल.
किंवा दुसरा असेल.
मोठ्याने म्हणून पाहिलं, दोन्ही.