तीन शतांश

एकतीस वर्षं मी दगड घासले,
युनिव्हर्सिटीत, भूशास्त्र खात्याच्या जिन्याखाली.
काचेच्या तबकडीवर कार्बोरंडमची पूड, पाण्याची धार,
आणि आठच्या आकड्यात फिरणारी बोटं.
दगड तीन शतांश मिलिमीटर उरला
की त्यातून पेपर वाचता येतो.
माझे ठसे त्याच्या कितीतरी आधी गेले.
आधारच्या मशीननं मला चारदा परत पाठवलं.

परवा धनश्री, आमची सून,
अकोट्याच्या शोरूममध्ये घेऊन गेली. ओट्याला मार्बल हवा.
“काका, इटालियन छे,” पोरगा म्हणाला.
मी खिशातून अर्धं लिंबू काढलं,
पिळलं,
आणि फरशीला कान लावला.

दुधाला कड येण्याआधी पातेलं बोलतं ना,
तेवढंच.
“डाघ पडशे, काका!”
पडू दे. समुद्र आहे तो.

शिंपले, पोवळी, ज्यांना कुणी नाव ठेवलं नाही असले जीव
तळाशी बसले, त्यांची चुनखडी झाली.
मग वरून डोंगराएवढं ओझं आणि खालून धग.
वितळला नाही हं तो. मुलांना मी हेच बजावायचो,
वितळला असता तर त्याला दुसऱ्या कपाटात ठेवला असता.
दगड दगडच राहिला, आतल्या आत
कणानं कणाला जागा दिली.
शिंपल्याच्या रेघा गेल्या, काठ गेले.
भिंगाखाली पाहिलं तर दाण्याला दाणा भिडलेला,
मध्ये सुईला वाट नाही.
श्वास मात्र आत राहिला, लिंबाची वाट बघत.

छोटा उदेपूरकडचा दगड असा पटकन फसफसत नाही.
त्याला खरवडावं लागतं, पूड करावी लागते, मग बोलतो.
माझे थोरले बंधू तसेच होते.

आणि पाटी? जिच्यावर ग म भ न गिरवलं,
ती चिखल होती. दाब आला,
अभ्रकाचे पापुद्रे दाबापुढे आडवे झाले,
म्हणून ती पानासारखी सुटते.
अजून खोल गेली असती
तर तिच्यात डाळिंबाच्या दाण्यासारखे गार्नेट धरले असते,
आणि पेन्सिल चालली नसती.

हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या सांगितलं,
निम्मं मराठीत, निम्मं गुजरातीत,
कुठलं वाक्य कुठं वळलं मलाही कळलं नाही.
दांडिया बाजारात चौथी पिढी आमची.
पोरानं डागाची फरशी आमच्याच बिलात लावली.

धनश्री घरापर्यंत बोलली नाही.
दिवाळीनंतर ओटा बसला,
डाग कोपऱ्यात, मिक्सरच्या मागे.

काल मी पाणी प्यायला उठलो, तर
वरणावर लिंबू पिळता पिळता
तिनं मिक्सर सरकवला,
एक थेंब पाडला,
केस मागे घेतले
आणि वाकली.