चुंबळ

केवळबाई आधी खोकल्याचं सांगते,
मग गुडघ्याचं,
मग सुनेच्या अडलेल्या पगाराचं.
गोळ्यांची पुडी घेऊन उठते,
दारापर्यंत जाते, थांबते,
पदराचं टोक दातांत धरते:
"सिस्टर, अंग बाहेर यायलंय."

कधीपासून?
"धाकटीचं लगीन झालं, तवापासनं."
धाकटीचा मुलगा यंदा पाचवीत.
तेवढ्या वर्षांत वसमतच्या मोंढ्यात हळद
कितीदा चढली, कितीदा उतरली.
हिचं नुसतं उतरतच राहिलं.

अंग म्हणजे आख्खं शरीर.
अंगमेहनत, अंगणवाडी, अंगाई.
आणि अंग म्हणजे हे,
ज्याला दुसरं नावच कुणी दिलं नाही,
म्हणून सांगायला अकरा वर्षं लागतात.

मी भिंतीवरचा तक्ता दाखवते.
पुढं लघवीची पिशवी, मधे गर्भाची,
मागं आतडं,
आणि या सगळ्यांच्या तळाला स्नायू,
झोळीसारखे.
ती डोळे बारीक करते.
"झोळी न्हवं ही. बाज हाय."

बाप बाजा विणायचा तिचा,
कळमनुरीच्या बाजारात बसून.
सुंभाला पाणी मारायचं काम हिच्याकडं.
"सुंभ एका दिवसात तुटत न्हाई, बाई.
माणूस रोज येकाच जागी बसतं,
तितं खळगा पडतो.
गातापासनं येक फेरा निसटला
की बाकीच्या फेऱ्यायवर भार.
ते बी वढतेत, वढतेत,
मग सैल पडतेत.
वरून बघितलं तर बाज धडधाकटच दिसती."

माझ्या पुस्तकात यासाठी एकोणीस पानं आहेत.
पहिल्या बाळंतपणात हाडापासून सुटलेला स्नायू,
रुंदावलेली फट,
फटीवर लोंबकळणारं ओझं,
आणि वरचे ते बंध,
जे क्षणभर धरायला बनले होते
आणि जन्मभर धरून राहिले.
एकदा ताणले, पुन्हा आखूड झाले नाहीत.

पहिलं पोर दोन रात्री अडलं होतं.
अकराव्या दिवशी ती काहिलीशी उभी,
शिजलेल्या हळदीची टोपली
वाकून उचलते,
श्वास कोंडते.
कोंडलेला श्वास कुठं जाणार?
पोट चहूकडून बंद,
वरून दाब आला की तो सगळीकडं सारखाच,
आणि वाट फक्त खाली,
जिथं विण विरलेली.
एका टोपलीचं असं.
दिवसाच्या साठ टोपल्या.
मी गुणाकार करायला घेते
आणि सोडून देते.

खोकला खोटा नव्हता तर.
काहिलीच्या धुराचा खोकला,
प्रत्येक ठसक्याला तळावर एक धक्का.
ती मला अकरा वर्षं खरंच सांगत होती,
मीच सिरप देत होते.

ऑपरेशनला नांदेड.
"हळद निघाल्याबिगर न्हाई."
मग तोवर ही रिंग, मी म्हणते.
पासष्ट नंबर.
ती हातात घेते, फिरवते, दाबून बघते,
आणि तोंडावर पदर घेऊन
इतकी हसते की बाहेरचे वाकून बघतात.
"ही तर चुंबळ!"

खोका, मी म्हणते.
खोकते.
बसा उकिडव्या.
बसते. उठते.
पुन्हा बसते, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.
"डोस्क्यावरल्या घागरीला
मायनं चुंबळ करून दिली व्हती,
सातव्या वर्षी.
आतल्या घागरीची कुणालाच याद न्हाई आली."

तीन महिन्यांनी या, धुऊन परत बसवू.
धाप लागेपर्यंत उचलू नका.
हे दुसरं वाक्य मी बोलते
आणि दोघीही ऐकत नाही.

दारातून ती परत वळते.
"निळ्या लुगड्यातली माझी जाऊ हाय,
तिसऱ्या नंबरला.
खोकला म्हनंल."

दोन नंबर आणखी.
एकाचा ताप, एकाला कुत्रं चावलेलं.
मग निळं लुगडं आत येतं,
स्टुलाच्या अगदी कडेवर टेकतं.

काय होतंय?
"खोकला."

मी दार लावून घेते.