उसवण

पाचशे टॉवेलांना चुकीचं लेबल लागलं.
मोंबासाचं टांगाला, टांगाचं मोंबासाला.
सुपरवायझर बोल्ली डोक्याला हात लावून बसला,
मी उसवायला घेतलं.

टांगा म्हटलं की मला स्टेशनाबाहेरचा घोडा आठवतो.
हे गाव आहे म्हणे, बंदर आहे.
समुद्र मी पाहिलेला नाही.
हिप्परग्याचं तळं पाहिलंय, तेही मे महिन्यात,
म्हणजे चिखल आणि चार बगळे.

पत्र्याखाली बेचाळीस डिग्री,
पापण्यांवर कापसाची तूस,
मांडीवर दोन देश.
दोन्ही गठ्ठे एकाच बीमवरून उतरलेले,
त्याच सोमवारी, लाईट जायच्या आधी.

शेठचा फोन स्पीकरवर होता.
तिकडचा सालिम मोडक्या हिंदीत हसत म्हणाला,
माझी सासुरवाडी टांगाची.
मधे एक फाटक आहे, तिथे आम्हाला शिक्का मारतात.
मासळीला मारत नाहीत.
बायका इकडेही पाटावर बसून,
पाटाच्या दातेरी पात्यावर नारळ खवतात,
तिकडेही.
शिवी इथे दिली तर तिथे लागते.

मग जरा थांबून म्हणाला,
पण कस्टमवाल्याला हे कोण सांगणार.
उसवा.

माझ्या डावीकडे मेहरुन्निसा, उजवीकडे गौराबाई कळसगोंडा.
मी घरी तेलुगू बोलते, हिशोब मराठीत करते,
गौराबाईशी भांडायला कानडी लागते.
दोरा तुटला की तिघींच्या तोंडून एकच शब्द निघतो.
तो कुठल्या भाषेतला, अजून ठरलेलं नाही.

नारळी पुनवेला आमच्या मार्कंडेयाचा रथ निघतो.
तेव्हा नारळ आम्हीही फोडतो,
चारशे किलोमीटरवर समुद्र असताना.
कुणाला देतो ते
मी कधी विचारलं नाही, आज विचारावंसं वाटलं.

उसवलेल्या जागी बारीक भोकं राहतात.
पहिल्या धुण्यात बुजतात, गौराबाई म्हणाली.
कुठल्या पाण्यात, मी म्हटलं,
गोड्या की खाऱ्या?
ती हसली नाही. कात्रीला तेल लावत होती.

साडेसहाचा भोंगा झाला.
चारशे नव्व्याण्णव झाले होते.
एक मी तसाच घडी करून
खोक्याच्या तळाशी सरकवला.
बोल्लीने पाहिलं.
मोजणीत धरला.