विषय क्रमांक चार

मंगळवार, संध्याकाळी सात. गणपूर्ती झाली.
मी लिहून घेते : सदस्य पाच, अर्जदार एक, नागरिक सोळा,
त्यांतले तिघे नुसते हीटरच्या उबेला आलेले.

विषय क्रमांक चार.
तळ्याकाठच्या रस्त्यावर जुना पेट्रोलपंप, तिथं आता गांजाचं दुकान.
परवाना आहे, तिजोरी आहे, दारावर चार कॅमेरे.
राहिलीत ती झाडं.

रूबेन लाह्ती उठतो. कोट वडिलांचा असावा,
बाह्या बोटांवर उतरलेल्या.
नकाशा उलगडतो, नकाशा आपसूक गुंडाळतो,
मग ऑरव्हिल मॅकी, आमचे अध्यक्ष,
कोपऱ्यांवर ठेवतात स्टेपलर, कॉफीचा मग, माझी डबी पिनांची,
आणि चौथ्या कोपऱ्यावर स्वतःचा अंगठा.
पुढचा पाऊण तास
तो अंगठा तिथून हलत नाही.

हिरवे छोटे गोल म्हणजे झुडपं.
हिरवे मोठे गोल म्हणजे मेपल, नऊ वर्षांनंतरचे.

कलम सांगतं : दुकान रस्त्यावरून दिसता कामा नये.
कुंपण सहा फूट.
पोलिसांचं पत्र सांगतं : गस्तीच्या गाडीतून खिडकी दिसलीच पाहिजे.
कुंपण तीन फूट.
“मग साडेचार करा,” मागून कुणीतरी.
हशा.
हशा इतिवृत्तात घ्यायचा नसतो.

“आणि ह्या झाडांत,” कोषाध्यक्ष चष्मा काढून विचारतात,
“ते झाड नाही ना?”
“नाही, सर. ते बाहेर लावता येत नाही.”
आत पुड्यापुड्यांनी विकायचं एक पान,
आणि बाहेरचं एक पान
आमच्या पाच हातांशिवाय हलायचं नाही.
हे मी लिहिलं नाही. हे मला नंतर सुचलं,
भांडी घासताना.

मग एल्मा कोस्केला. वय त्र्याऐंशी, बूट ओले.
“माझा विरोध आहे. एप्रिलमध्ये होता, आजही आहे. लिही.”
लिहिलं.
“उत्तरेच्या कोपऱ्यात काय लावतोस?”
“काही नाही, बाई. खडी. बर्फ लोटायला जागा लागते.”

ती नकाशाजवळ गेली. बोट ठेवलं,
अंगठ्यापासून वीतभर दूर.
“पंपाच्या आधी इथं आमचं घर होतं.
ह्या बाजूला लायलक. जांभळे घोस, जूनमध्ये जेमतेम दहा दिवस.
घर पाडलं, डांबर ओतलं,
तरी दोन वर्षं ती फटीतून वर येत होती.
पंपवाल्यानं तिसऱ्या वर्षी तेल ओतलं.”

कुणी खोकलं नाही.
जंगलखात्यातून निवृत्त झालेले विक म्हणाले,
लायलक थंडीला भीत नाही, मिठाला भिते;
रस्त्याचं मीठ त्या बर्फात असतं.
रूबेन म्हणाला, बर्फ मागे लोटू.
अभियंता म्हणाला, मागे लोटाल तर गाडीची एक जागा जाईल :
बाराच्या अकरा.
नियम बाराचा आहे.
अकरासाठी वेगळा अर्ज, वेगळी नोटीस, शेजाऱ्यांना टपालानं,
फी तीनशे डॉलर, सुनावणी पुढच्या महिन्यात.

सगळ्यांनी रूबेनकडे पाहिलं.
खडी ठेवली असती तर मंजुरी आजच होती.
त्यानं बाह्या वर सारल्या, त्या पुन्हा उतरल्या.
“पुढच्या महिन्यात येतो,” म्हणाला.

“विरोध कायम आहे माझा,” एल्मा म्हणाली.
“हो, बाई.”
“पांढरी आणू नकोस. जांभळीच.”

ठराव : विषय तहकूब. पाच विरुद्ध शून्य.
ऑरव्हिलनी अंगठा उचलला
आणि नकाशा सुटून गुंडाळला गेला.

घरी जाताना त्या रस्त्यानं गेले.
माझं घर त्या रस्त्यावर नाही.
बंद दुकानाच्या उत्तर कोपऱ्यात, गुडघाभर बर्फात
एक काठी रोवलेली, वर नारिंगी फीत,
आणि भोवतीचं बर्फ
फावड्यानं नीट बाजूला काढलेलं.

मंजुरीआधी जागेवर काहीही रोवणं नियमबाह्य आहे.
गाडी थांबवली. दिवे तसेच ठेवले थोडा वेळ.
तारीख, वेळ, काहीच टिपलं नाही.