डोळा मारणारा दिवा

आधी प्लग काढला.
बटण बंद केलं म्हणजे झालं, असं तू मानायचास, आउस्त्रिस.
पण आपल्याकडचा प्लग सुलटा बसतो तसा उलटाही बसतो,
आणि तुझं ते बटण तोडतं एकच तार.
जिवंत ती, की राहिलेली दुसरी,
हे प्लगलाही ठाऊक नसतं.
म्हणून त्याला टेबलावर ठेवला, नजरेसमोर,
खोडकर पोराला बसवावं तसा.

बल्ब निवेपर्यंत बटाटे सोलले.
दुपारचे साडेतीन, आणि लियेपायात अंधार.
समुद्राचा वारा जिन्यातला पत्रा वाजवत होता.

तुला आठवतं, ट्राम गेली की हा दिवा डोळा मारायचा?
"तुलाच मारतोय," तू म्हणायचास,
आणि मी, शहाणी, हसायचे.

तळाचं हिरवं कापड सोललं, नट फिरवला,
आत दोन तारा, वेणीसारख्या पिळलेल्या,
आणि वरून पट्टी.
तारांची नव्हे.
टाच सोलवटली की लावतो ती, औषधाच्या डब्यातली,
गुलाबी.
स्क्रू ढिला होता, तर त्यात काडेपेटीची काडी खोचलेली.

त्या हिवाळ्यात मी गोदीत रात्रपाळीला होते.
सकाळी आले तर तू म्हणालास,
दिवा आपला आपणच बरा झाला.

अठ्ठावीस वर्षं मी जहाजांच्या पोटात तारा ओढल्या.
नव्या पोरांच्या बोटांवर पकडीने टकटक करून शिकवलं,
लपवलेला जोड दिसला की थांबायचं.
आणि माझ्याच उशाशी एकोणीस हिवाळे
ही मलमपट्टी.
करपलीय, बघ. बोटाच्या पेराएवढी, तपकिरी.
अजून एखादा हिवाळा, आणि पडदा,
आणि पडद्यामागे झोपलेले आपण दोघं.
तू असतास तर आज बोलले असते.
खालच्या मजल्यावर मिर्द्झाने रेडिओ बंद करून ऐकलं असतं.

जुनी तार सगळी काढली. अर्धी ठेवून जोड देणं नाही.
नवी घेतली, तीन पदरी,
कारण अंग पितळी आहे; त्याला हिरवी-पिवळी तार हवी,
भिंतीतून जमिनीपर्यंत जाणारी.
ती भिंतीत मीच आणली होती,
तू तेव्हा अंगणात मासे धुरावत होतास.
भोकाची कड धारेची, तिथे रबरी कडं बसवलं.
सात मिलिमीटर सोलली,
तांब्याचा एकही केस न तुटता. चष्मा लावून, पण जमलं.
आत गाठ मारली.
ओढ बसली तर गाठीला बसावी,
स्क्रूला नाही.
बटण नवं, दोन्ही तारा एकदम तोडणारं.
आता घाल प्लग तुला हवा तसा.

मीटरची एक टाचणी पितळाला, दुसरी प्लगच्या एकेका पायाला.
मीटर गप्प. असंच हवं.
मग अंगाकडून हिरव्या-पिवळीकडे, तेव्हा मात्र तो बोलला.
तरी प्लग घालताना डावा हात खिशात,
गोदीतली सवय.
खिशात काडेपेटीची ती काडी होती.
कधी ठेवली, कळलं नाही.

लागला.
थोडी धूळ जळल्याचा वास, मग तोही गेला.
दहा मिनिटांनी तळाला हात लावला, गार.
बटाटे उकळून फुटले होते.

सहा-दहाची ट्राम आली.
खिडकीची काच थरथरली, कपाटात बश्या वाजल्या.
दिवा हलला नाही.

चोख काम.

मी आणखी एका ट्रामसाठी बसून राहिले.